बारा डोकी आणि एक उडी

मागच्या उन्हाळ्यात पुतण्या सुट्टीला आमच्याकडे आला होता. दुपारची जेवणे झाल्यावर त्याने टीव्ही लावला, तर जॅकी चॅनचा एक चित्रपट हिंदीत लागलेला. मूळ नाव 'चायनीज झोडियाक', जाहिरातीत 'सीझेड १२'. प्राण्यांची बारा कांस्य डोकी, त्यांच्या मागावर असलेले चोर, आणि शेवटी ज्वालामुखीच्या तोंडावर विमानातून मारलेली उडी. पुतण्या तोंड उघडे ठेवून पाहत होता. मी मात्र अर्ध्या तासाने कंटाळलो आणि तरीही उठलो नाही, कारण त्या डोक्यांची हकीकत मला थोडीफार ठाऊक होती.

चित्रपट संपल्यावर त्याने विचारले, "काका, ही डोकी खरंच आहेत का, की पिक्चरसाठी बनवलीत?"

"खरी आहेत. त्यातली सात परत चीनमध्ये गेली."

"मग कुणीतरी अशीच उडी मारून आणली असतील."

"नाही रे. काही विकत घेतली, काही भेट म्हणून मिळाली."

त्याचा चेहरा पडला. "एवढंच?" असे म्हणून तो खेळायला गेला. तो 'एवढंच' मला पुढे कित्येक दिवस सोडेना. एक फसलेला हाणामारीचा चित्रपट हा दिवाळी अंकातल्या संशोधनलेखाचा विषय होऊ शकतो का, असे कोणी विचारील. मला वाटते, होऊ शकतो. हा चित्रपट ज्या जागी फसला, नेमक्या त्याच जागी जुन्या वस्तूंच्या रक्षणाचा खरा प्रश्न उभा आहे, आणि तो चीनइतकाच आपल्या गावांचाही आहे.

मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही. तीस वर्षे हिशेबनिसाचे काम केले. सुट्टीच्या दिवशी देवळे, वाडे, जुनी भांडी पाहत हिंडलो आणि मिळेल ते वाचत गेलो. त्यामुळे माझी नजर हिशेबनिसाची आहे. वस्तू समोर आली की ती कोठून आली आणि कोणत्या पानावर जमा आहे, हे मी आधी विचारतो.

चित्रपटात काय आहे

हा चित्रपट डिसेंबर २०१२ मध्ये चीनमध्ये प्रदर्शित झाला. जॅकी चॅनने १९८० आणि १९९०च्या दशकांत 'आर्मर ऑफ गॉड' आणि त्याचा दुसरा भाग काढला होता, त्याच मालिकेतला हा पुढचा. जॅकी चॅन यात जुन्या वस्तू पैशासाठी चोरून आणणारा धाडसी माणूस आहे, त्याचे नाव जे. सी. एक श्रीमंत व्यापारी त्याला चिनी राशिचक्रातल्या प्राण्यांची हरवलेली कांस्य डोकी शोधायला पाठवतो. हा व्यापारी अस्सल वस्तू ताब्यात घेतो आणि त्यांच्या हुबेहूब नकला करून विकतो. शोध घेत मंडळी फ्रान्समधल्या एका जुन्या गढीत जातात, मग एका बेटावर जातात, तेथे त्यांना बुडालेल्या जहाजाचा ठेवा आणि चाचे भेटतात. सोबत कोको नावाची तरुण चिनी मुलगी असते. लुटलेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत मिळाव्यात म्हणून ती झटत असते. तिच्या बोलण्याने चोराचे मन हळूहळू पालटते. शेवटी तो व्यापारी ड्रॅगनचे डोके ज्वालामुखीत टाकण्याची धमकी देतो, आणि नायक जिवावर उदार होऊन ते वाचवतो.

जॅकी चॅन त्या वेळी ५८ वर्षांचा होता. इतकी जोखमीची कामे असलेला आपला हा शेवटचा मोठा चित्रपट, असे त्याने त्याच वर्षी जाहीर केले होते. अंगभर चाके लावून घाटरस्त्यावरून पोटावर घसरत जाण्याचा आरंभीचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. दोघांनी सोफा न सोडता मारामारी करायची, हा प्रसंग तर जुन्या जॅकीची आठवण करून देतो. पण दिग्दर्शक, लेखक, निर्माता, नायक, छायाचित्रण, कलादिग्दर्शन, संगीत, इतकेच काय, जेवणाची व्यवस्थासुद्धा त्याने आपल्याच नावावर घेतली. एका चित्रपटात १५ श्रेये मिळवण्याचा गिनीज विक्रम त्याच्या नावावर लागला. पंगतीत वाढपी, आचारी आणि यजमान एकच माणूस असला की काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. चीनमध्ये चित्रपटाने ८० कोटी युआनांहून अधिक गल्ला जमवला, म्हणजे धंदा बुडाला नाही. निराशा झाली ती गोष्टीच्या बाबतीत.

दोन तास आपण ज्या डोक्यांमागे धावतो, ती आपण एकदाही शांतपणे पाहत नाही. ती कोठे बसवलेली होती, काय काम करीत, कोणी घडवली, हे दोन वाक्यांत उरकले जाते. लुटीच्या चित्रपटाला वस्तू लागते ती फक्त मौल्यवान. हिरा असो, चित्र असो की डुकराचे डोके, गोष्टीच्या दृष्टीने फरक पडत नाही. म्हणून ड्रॅगन ज्वालामुखीकडे घरंगळत जातो तेव्हा आपल्याला काळजी वाटते ती जॅकी चॅनच्या हाडांची, ड्रॅगनची वाटत नाही.

पाण्याचे घड्याळ

बीजिंगच्या वायव्येला युआनमिंगयुआन नावाचा विस्तीर्ण शाही बगिचा होता. छिंग घराण्याच्या बादशहांनी अठराव्या शतकात तो वाढवला. तळी, टेकड्या, लाकडी महाल, ग्रंथालये, देवळे असा त्याचा पसारा. त्याच्या एका लहानशा कोपऱ्यात छ्येनलोंग बादशहाने युरोपीय धर्तीचे दगडी महाल बांधून घेतले. आराखडे केले जुझेप्पे कास्तील्योने या इटालियन जेझुइट चित्रकाराने, आणि कारंज्यांचे यंत्रकाम पाहिले मिशेल बनुआ या फ्रेंच जेझुइटाने. दोघेही दरबारी नोकरीत होते.

त्यातल्या हायएनथांग नावाच्या महालासमोर एक कारंजे होते. पाण्याच्या कुंडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मूर्ती बसलेल्या होत्या, धड दगडाचे, माणसासारखा अंगरखा ल्यालेले, आणि डोके प्राण्याचे, कांस्याचे. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. आपल्याकडे दिवसरात्रीचे आठ प्रहर, तसे चीनमध्ये दोन-दोन तासांचे बारा भाग मानत, आणि प्रत्येक भागाला एक प्राणी नेमून दिलेला असे. ज्या प्राण्याची वेळ, त्याच्या तोंडातून पाणी उडायचे. बरोबर माध्यान्हीला बाराही तोंडांतून एकदम कारंजी सुरू होत.

म्हणजे ही डोकी सुटे शिल्प म्हणून घडवलेलीच नव्हती. ती एका घड्याळाचे भाग होती. पाणी, नळ, दगडी धड आणि शेजारचे अकरा सोबती यांच्याशिवाय एकट्या सशाच्या डोक्याला काही अर्थ नव्हता. नळाच्या तोट्या सोन्याच्या असल्या तरी त्या तोट्याच. आज काचेच्या पेटीत एकेक डोके प्रकाशात ठेवलेले दिसते तेव्हा हे विसरायला होते.

अफू, पांढरे निशाण आणि आग

हे घड्याळ उद्ध्वस्त झाले त्याचे मूळ दुसऱ्या अफू युद्धात आहे. ते युद्ध १८५६ ते १८६० असे चालले, आणि त्याआधीचे पहिले १८३९ ते १८४२. येथे आपला संबंध येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. चीनमध्ये जाणारी अफू हिंदुस्थानात पिकत असे. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यातली होती, पण माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखातून निघून मुंबई बंदरातून जहाजांवर चढे. या व्यापारावर मुंबईतली कितीतरी घराणी उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती कापूस आणि अफू यांच्या चीन-व्यापारातली. त्याच संपत्तीतून रुग्णालय उभे राहिले आणि कलाशाळाही. मुंबईच्या ज्या कलाशाळेने आपल्याला जुनी शिल्पे पाहायला शिकवले, तिच्या पायात त्या व्यापाराचा एक दगड आहे.

१८६०च्या शरदात इंग्रज आणि फ्रेंच फौजा बीजिंगजवळ पोचल्या. वाटाघाटींसाठी पांढरे निशाण घेऊन गेलेल्या तुकडीला चिनी अधिकाऱ्यांनी पकडले. त्यात इंग्रज, फ्रेंच होते, तसेच फेनच्या रिसाल्यातले शीख स्वारही होते. पकडलेल्यांपैकी बरेच जण हालहाल होऊन मेले. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात फौजा युआनमिंगयुआनमध्ये शिरल्या आणि लूट सुरू झाली. इंग्रजांच्या बाजूने ती लूट गोळा करून जागेवरच लिलाव झाला आणि पैसे सैनिकांत वाटले गेले. राजवाड्यात सापडलेला एक छोटा कुत्रा राणी व्हिक्टोरियाला नजर करण्यात आला. त्याचे नाव ठेवले 'लूटी'. 'लूट' हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याच भाषांतून. त्या शब्दाचा प्रवास त्या कुत्र्यापर्यंत होईल, असे कोणाला वाटले असेल!

मग १८ ऑक्टोबरला, कैद्यांच्या मृत्यूची शिक्षा म्हणून, लॉर्ड एल्गिनने बगिचा जाळण्याचा हुकूम दिला. लाकडी महाल सुमारे तीन दिवस धुमसत राहिले. हा एल्गिन म्हणजे अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पे इंग्लंडला नेणाऱ्या एल्गिनचा मुलगा. पुढे १८६२ मध्ये तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धर्मशाळेला वारला. बाप आणि मुलगा दोघांचीही नावे दोन देशांच्या परतमागणीत आजही निघतात.

दगडी महाल पडके होऊन उरले. त्यानंतरही कित्येक दशके त्या अवशेषांतून दगड, विटा, धातू लोक नेत राहिले. बारा डोक्यांपैकी कोणते डोके कोणी, कोणत्या दिवशी धडावरून उतरवले, याची खात्रीची नोंद नाही. चित्रपटात हे सारे आधीच ठरलेले असते. चोर कोण, धनी कोण, कोणालाच शंका नसते. प्रत्यक्षात येथूनच अडचण सुरू होते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर माल गहाळ आहे, पण जावक वहीत पान नाही.

परतीचा रस्ता

परतीची हकीकत तारखांनी सांगितली तर सरळ आहे.

२००० साली हाँगकाँगमध्ये क्रिस्टीज आणि सदबीज या दोन लिलावगृहांनी माकड, बैल आणि वाघ विक्रीला काढले. विक्री थांबवा, असे चीनच्या पुरावस्तू खात्याने सांगितले. ती थांबली नाही, बाहेर निदर्शने झाली. शेवटी पॉली ग्रुप या चीनच्या सरकारी उद्योगसमूहाने तिन्ही डोकी मिळून ३ कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक मोजून विकत घेतली. २००३ मध्ये मकावचे जुगारसम्राट स्टॅनली हो यांनी डुक्कर ७० लाखांच्या आत विकत घेऊन देशाला दिले. त्यांनीच २००७ मध्ये घोडा घेतला, त्याला मात्र ६ कोटी ९१ लाख हाँगकाँग डॉलर पडले. चार वर्षांत एकाच घड्याळाच्या दोन तुकड्यांच्या भावात जवळजवळ दहापट फरक पडला. घोडा काही डुकराहून दहापट चांगला ओतलेला नाही. देशाभिमान म्हणून कोणीतरी हे घेणारच, हे बाजाराला कळले होते, एवढाच त्याचा अर्थ.

२००९ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये फॅशनसम्राट इव्ह सँ लोराँ यांचा संग्रह लिलावात निघाला. त्यात उंदीर आणि ससा होते. विक्री थांबवण्याचा अर्ज फ्रेंच न्यायालयाने फेटाळला. सँ लोराँ यांचे जोडीदार पिएर बेर्जे यांनी, चीनने मानवी हक्क आणि तिबेटला स्वातंत्र्य दिले तर डोकी देतो, असे सांगून वादात तेल ओतले. प्रत्येकी १ कोटी ४० लाख युरोंची बोली लागली. बोली लावणारा होता त्साय मिंगछाव नावाचा चिनी संग्राहक, आणि त्याने नंतर जाहीर केले की आपण पैसे भरणार नाही. देशाच्या वतीने हा निषेध आहे, असे तो म्हणाला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला चित्रपटात शोभेल असा प्रसंग हाच. एक माणूस हात वर करतो, जगभर बातमी होते, आणि मग तो खिसे उलटे करून दाखवतो. जॅकी चॅनने हा प्रसंग घेतला असता, तर ज्वालामुखीची गरज पडली नसती.

तीच दोन डोकी २०१३ मध्ये, चित्रपट येऊन गेल्यावर, क्रिस्टीजची मालकी असलेल्या पिनो घराण्याने चीनला भेट दिली. भेटीची घोषणा एप्रिलमध्ये झाली, आणि त्याच महिन्यात क्रिस्टीजला चीनच्या मुख्य भूमीवर स्वतंत्रपणे लिलाव करण्याची परवानगी मिळाल्याचेही जाहीर झाले. घोडा २०१९ मध्ये रीतसर चीनच्या स्वाधीन झाला आणि पुढच्या वर्षी युआनमिंगयुआनमध्येच नेऊन ठेवला गेला. सातांपैकी तो एकटाच आपल्या मूळ जागी पोचला. ड्रॅगन, साप, मेंढा, कोंबडा आणि कुत्रा अजून परतायचे आहेत.

या सगळ्यात कायद्याने परत मिळालेले डोके एकही नाही. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंविषयीचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि तो मागच्या काळाला लागू होत नाही. १८६० च्या लुटीपुढे तो हात टेकतो. मग उरतो पैसा, दान किंवा लाज. चीनने पैसा आणि लाज दोन्ही वापरून पाहिले. आपल्याकडेही वेगळे घडत नाही. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना महाराष्ट्र शासनाने घेतली. साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ मध्ये आलेली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर आलेली आहेत. त्यांचा शिवाजी महाराजांशी संबंध सिद्ध करता येत नाही, असे ती देणाऱ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेच नोंदवले आहे. स्वागत झाले, गर्दी झाली, ते योग्यच. पण कागद अपुरा आहे, हेही त्याच संग्रहालयाने लिहून ठेवले, ही गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते.

अस्सल आणि नक्कल

चित्रपटातला खलनायक नकला करतो म्हणून दुष्ट. येथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. आय वेवे या चिनी कलावंताने २०१० मध्ये या बारा डोक्यांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या आणि त्या जगभर फिरवल्या. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की इटालियन माणसाने मांचू बादशहासाठी आखलेल्या कारंज्याच्या तोट्यांना चिनी राष्ट्राचा आत्मा म्हणणे जरा गमतीचे आहे. त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. वस्तू कोणी आखली यापेक्षा ती कोणाच्या अंगणातून उचलली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. परंतु प्रश्न विचारायला हवा होता, आणि चित्रपटाने तो विचारला नाही.

गंमत अशी की पुढे जॅकी चॅननेच या डोक्यांच्या प्रतिकृती तैवानच्या राजवाडा संग्रहालयाच्या दक्षिण शाखेला भेट दिल्या. २०१५ च्या अखेरीस ती शाखा उघडली तेव्हा काही निदर्शकांनी त्यांवर रंग फेकला. हा चीनचा सांस्कृतिक प्रचार आहे, असा त्यांचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी त्या प्रतिकृती तेथून हलवल्या गेल्या. आणि २०१३ मध्ये, आपल्या संग्रहातल्या चार जुन्या चिनी लाकडी वास्तू सिंगापूरच्या एका विद्यापीठाला देण्याचे त्याने जाहीर केले, तेव्हा चीनमध्येच त्याच्यावर टीका झाली. पडद्यावर देशाचा वारसा परत आणणारा माणूस प्रत्यक्षात वारसा बाहेर धाडतो, असे लोक म्हणाले. मी त्याला दोष देत नाही. वास्तू कोसळण्यापेक्षा कोणीतरी नीट जपलेल्या बऱ्या. पण जपणे आणि परत आणणे या दोन गोष्टी नेहमी एका दिशेने जात नाहीत, हे त्याला स्वतःच्या अनुभवातून कळले असणार. चित्रपटात मात्र त्याचा मागमूस नाही.

आमच्या गावचा मुखवटा

धातूची डोकी आपल्याकडेही आहेत. खंडोबा, भैरोबा, जोतिबा, गावोगावच्या देवींचे मुखवटे. यात्रेच्या दिवशी ते पालखीत बसतात, एरवी पेटीत असतात. आमच्या गावच्या भैरोबाचा पितळी मुखवटा असाच गुरवांच्या घरच्या पेटीत असायचा. सुमारे तीस वर्षांपूर्वी, यात्रा आठवड्यावर आलेली असताना, पेटी उघडली तर मुखवटा नव्हता.

दोनेक वर्षांनी दूरच्या एका शहरातून पोलिसांचा निरोप आला की चोरीचा माल सापडला आहे, ओळख पटवायला या. सरपंच, गुरवांचा मुलगा, माझे वडील आणि मी असे चौघे गेलो. टेबलावर पाच मुखवटे मांडले होते. त्यांपैकी दोन आमच्यासारखे दिसत होते. गुरवांच्या मुलाने आधी एकावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. म्हातारे गुरव असते तर त्यांनी डोळे मिटून ओळखला असता, पण ते वर्षभरापूर्वीच गेले होते.

साहेबांनी साधे प्रश्न विचारले. फोटो आहे का? उंची किती? मागच्या बाजूला काही खूण, अक्षर? किती वजन? आम्ही एकमेकांची तोंडे पाहिली. शेकडो वर्षे गाव ज्याच्यासमोर नारळ फोडत होते, त्याची उंची गावात कोणाला ठाऊक नव्हती. आमच्या तक्रारीत लिहिले होते, 'पितळी मुखवटा, अंदाजे एक फूट'. पाचही मुखवटे अंदाजे एक फुटाचेच होते. साहेब भले होते, पण अंदाजावर मुद्देमाल कसा देणार? आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. एसटीत वडील एकदाच बोलले, "आपलाच होता रे एक त्यातला." कोणता, ते त्यांनाही सांगता आले नाही.

पुढे गावाने वर्गणी काढून तांबटाकडून नवा मुखवटा घडवून घेतला. प्राणप्रतिष्ठा झाली. आज गावातल्या तरुणांना तोच जुना वाटतो. देवाच्या दृष्टीने त्यात काही उणे नाही. पण जुना मुखवटा कोठेतरी मुद्देमालाच्या खोलीत किंवा कोणाच्या दिवाणखान्यात असेल, आणि त्याला बोलावण्यासाठी आमच्याकडे त्याचे नावसुद्धा पुरेसे नाही, ही बोच माझ्या मनातून गेली नाही.

त्यानंतर मी वही घेतली. ज्या गावात जाईन तेथे, पुजाऱ्यांनी परवानगी दिली तर, मुखवटा, टाक, समया, घंटा यांची मापे घेतो. उंची, रुंदी, वजन. चारही बाजूंनी छायाचित्र, आणि मागची बाजू नक्की, कारण डाग, डाक, रिव्हेट, ठोकल्याच्या खुणा मागे असतात. कोठे ठेवलेला आहे, कोण सांभाळते, केव्हापासून. पुढे कळले की जगभरच्या संग्रहालयांनी आणि पोलिसांनी मिळून असाच एक नमुना १९९७ मध्ये ठरवला आहे, त्याला ऑब्जेक्ट आयडी म्हणतात. त्यातले रकाने माझ्या वहीतल्या रकान्यांसारखेच निघाले. त्या दिवशी मला झालेला आनंद फक्त हिशेबनिसालाच कळेल.

या वहीने काय होते, याचे उत्तर तमिळनाडूत आहे. अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंदान या गावच्या देवळातून कांस्य नटराज चोरीला गेला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये तो सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरांना विकत घेतला. विकणाऱ्याकडे कागद होते, पण खोटे. खरा कागद पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत होता. त्या संस्थेच्या लोकांनी दक्षिणेतल्या देवळांत फिरून मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली होती आणि त्यांत हा नटराजही होता. छायाचित्राशी मूर्ती ताडून पाहिली, झीज आणि खुणा जुळल्या, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये नटराज भारतात परत आला. कोणी विमानातून उडी मारली नाही. कोणीतरी पूर्वी एकदा, काही घडलेले नसताना, देवळात जाऊन कॅमेऱ्याची कळ दाबली होती.

आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि धातूच्या मूर्तींची सरकारकडे नोंदणी करावी लागते. कायदा चांगला आहे. पण पेटीतला मुखवटा म्हणजे 'पुरावस्तू', हे पुष्कळ गावांच्या ध्यानातच नसते. तो देव असतो, आणि देवाचे माप कोण घेतो? पुजारी मला सुरुवातीला हेच म्हणतात. मी त्यांना आमची हकीकत सांगतो. मग बहुतेक जण स्वतःच टेप धरायला पुढे येतात.

पुन्हा चित्रपटाकडे

त्या चित्रपटात एक वस्तू आहे, तिच्याकडे मी पहिल्यांदा दुर्लक्ष केले होते. जे. सी. फ्रान्सच्या गढीत शिरतो तेव्हा त्याच्या हातात खास मोजे असतात. त्या मोज्यांनी तो डोक्याला नुसता स्पर्श करत जातो, आणि दूर बसलेल्या साथीदाराच्या यंत्रावर त्या डोक्याचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच उमटत जाते. चोरीसाठी नक्कल तयार करायची, म्हणून हा खटाटोप. पण मला वाटते, साऱ्या चित्रपटात वस्तूवर कोणी खरोखर माया केली असेल तर ती त्या अर्ध्या मिनिटात. सगळ्या बाजूंनी, घाई न करता, काही न तोडता, तिची पुरती नोंद घेतली जाते. रक्षणाचे खरे साधन नायकाच्या हातात होते. चित्रपटाला ते चोरीचे वाटले.

युआनमिंगयुआनच्या त्या कारंज्याचे जुने ताम्रपटावरचे चित्र आज उपलब्ध आहे. छ्येनलोंग बादशहानेच त्या युरोपीय महालांची चित्रे कोरवून घेतली होती. त्यात बाराही प्राणी आपापल्या जागी बसलेले दिसतात. उरलेले पाच कधीकाळी सापडले, तर त्यांना कोठे बसवायचे ते त्या चित्रावरून सांगता येईल. बादशहाने फुशारकीसाठी काढवून घेतलेले चित्र शेवटी पुराव्याच्या कामी येते आहे.

दिवाळीत पुतण्या पुन्हा येणार आहे. या वेळी त्याला घेऊन शेजारच्या गावी जायचे ठरवले आहे. तेथल्या देवीचा मुखवटा लक्ष्मीपूजनाला पेटीतून बाहेर काढतात. त्याच्याकडे चांगला मोबाईल आहे, माझ्याकडे टेप आणि तागडी. मागच्या बाजूचा फोटो काढायला त्याला मुद्दाम सांगणार आहे.